कबूतरांची धूळ आणि फुप्फुसांचा विकार

कोरडा खोकला जात नाही, जिना चढताना धाप लागते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास आम्ही आरंभीच एक प्रश्न विचारतो : घराच्या खिडकीत, सज्जात किंवा एसीच्या मागे कबूतरे बसतात काय? सोबतच्या नातेवाइकांना या प्रश्नाचे नवल वाटते. परंतु अनेकदा निदानाचा धागा याच उत्तरात सापडतो.

पक्ष्यांपासून होणारे रोग म्हटले की जंतूंचे भय वाटते. ते निराधार नाही. कबूतरांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. पोपटांपासून, क्वचित कबूतरांपासूनही, होणारा सिटॅकोसिस १९२९-३० साली पाळीव पोपटांच्या व्यापाराबरोबर अनेक देशांत पसरला होता. आज तो योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली आढळलेला बर्ड फ्लू कोंबड्यांतील होता. खिडकीतील कबूतरांशी त्याची सांगड घालणे योग्य नव्हे.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती ज्याच्या मुळाशी जंतूच नाही अशा विकाराची. त्याचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबूतरांच्या पिसांवर पिठासारखी सूक्ष्म भुकटी असते. वाळलेल्या विष्ठेचीही धूळ होते. या धुळीतील प्रथिने श्वासावाटे वायुकोशांत जात राहिली की काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते, आणि त्या झुंजीत फुप्फुसालाच सूज येते. एका घरातील चौघांपैकी एकालाच हा विकार जडतो, असेही घडते. तो एकापासून दुसऱ्यास होत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवण्याचे काहीच कारण नाही.

प्रारंभी धुळीच्या संपर्कानंतर काही तासांनी ताप, अंगदुखी व खोकला येतो आणि फ्लू समजून सोडून दिला जातो. पुढे दमा, कधी क्षय समजून उपचार होतात. तोवर स्पंजासारख्या मऊ फुप्फुसात व्रण पडून ते कडक होऊ लागते. सूज स्टेरॉइडने उतरते, परंतु पडलेला व्रण भरून येत नाही. नवी औषधे त्याची वाढ केवळ मंदावतात. त्यानंतर घरी प्राणवायूचे यंत्र, आणि मोजक्यांच्या बाबतीत फुप्फुसरोपण. सामान्य कुटुंबास दोन्ही जड जातात.

भारतातील १९ शहरांतील १,०८४ रुग्णांची एक नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसांच्या अंतर्भागाच्या विकारांनी ग्रस्त अशा या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के जणांना हाच विकार होता. मात्र त्यांतील पुष्कळांच्या घरी हवेचे कूलर होते. तेव्हा सारा दोष कबूतरांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

मुंबईतील कबूतरखाने बंद करण्याचा प्रश्न २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, तेव्हा अनेकांची मने दुखावली. कबूतरांना दाणे घालणे हे पुण्यकर्म मानणारे श्रद्धाळू आमच्या हितचिंतकांतही आहेत, आणि त्यांच्याच जीवदयेवर आमचे धर्मादाय काम चालते. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : दाट वस्तीत, आणि शाळा-रुग्णालयांच्या निकट तर मुळीच, दाणे घालू नयेत.

खिडकीस जाळी लावावी. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, ओली करून, तोंडाला एन-९५ मास्क लावून काढावी. रुग्णाने हे काम स्वतः करू नये, आणि ते चालू असताना घरात थांबूही नये. कबूतरे गेल्यावरही ही प्रथिने पडद्यांत, गाद्यांत कित्येक महिने टिकतात. म्हणून पडदे धुवावेत आणि पिसांच्या उशा असल्यास त्या घरातून काढून टाकाव्यात. तपासणीस येताना जुने एक्स-रे व सीटी स्कॅन अवश्य आणावेत. व्रण नवा की जुना, हे त्यांवरूनच ठरविता येते.