रात्री गाडीची किल्ली कोणाकडे असते, ते आधी विचारा

"सिस्टर, तुम्ही उगाच सगळ्यांना घाबरवलंत." शिबिराच्या शेवटच्या दिवशी आयोजक सर पालकांच्या देखत मला हे म्हणाले. बावीस वर्षं नोकरी झाली माझी, त्यातली सात रायगडमधल्या ग्रामीण रुग्णालयात. विंचू चावलेलं पोर कसं दिसतं, ते मला कोणी शिकवायला नको.

पोलादपूरकडचा डोंगर, मे महिना, 64 मुलं. पाचव्या रात्री नऊ वर्षांचा एक मुलगा लघवीला उठला, तंबूबाहेरच्या बुटात पाय घातला आणि किंचाळला. सर आले. "विंचूच ना? इथं रोज कोणाला तरी चावतो. कांदा चोळा, सकाळी बघू."

अर्ध्या तासात त्याचं रडणं थांबलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी त्याचा हात हातात घेतला, तर माठाला हात लावावा तसा गार! बनियन पिळून काढण्याइतकं घामानं भिजलेलं. बाकीची पोरं उकाड्यानं पांघरुणं लाथाडून झोपली होती. मग त्याला दोन उलट्या झाल्या. रडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं विंचवाच्या बाबतीत कधीही समजू नका. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की विष अंगभर गेलं. पुढं हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवलं, त्याआधी कोकणात यानंच माणसं दगावत. गोळी स्वस्त आहे, पण वजन आणि बीपी बघून डॉक्टरांनीच द्यायची. म्हणजे गाडी हवी, आणि ती तेव्हाच हवी.

जीप दारात उभी होती. किल्ली ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर त्याच्या गावी. 108 ला फोन करते म्हटलं, तर सर म्हणाले, "नाव खराब होईल शिबिराचं." मी ऐकलं नाही. पाण्याच्या टाकीवर चढले, तेव्हा कुठं रेंज मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा रुग्णालयात मऊ भात खात होता. आणि घाबरवलं म्हणे मी!

तुम्ही सिस्टर म्हणून शिबिराला जाणार असाल, तर हो म्हणण्याआधी मुलांचे फॉर्म मागा. माझ्या हाती आलेल्या फॉर्मवर टी-शर्टाचं माप होतं, वजन नव्हतं. वजनाशिवाय मुलाला साधं पॅरासिटामॉलही नेमकं देता येत नाही. एका मुलीला दमा होता, तो तिला धाप लागल्यावर कळला. पंप बॅगेच्या तळाशी होता, कारण कोणाला सांगू नकोस, असं घरून बजावलेलं. आयांनो, असं करू नका हो. रुग्णालयात न्यायचं की नाही हे सिस्टर ठरवेल, हे आयोजकाकडून लिहून घ्या. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च सोबत ठेवा, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी तंबूभोवती एक फेरी मारा, सकाळी बूट झटकायला लावा. पाणी उकळलेलं असावं, उन्हात खेळ नकोत, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

ठरलेल्या पैशांतले तीन हजार सरांनी कापले. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.