हलकी कॅटामरान: शीड, वीज आणि वजनकाटा

होडी बांधायची म्हटलं की माणसं आधी मोटर कुठली घ्यायची ते विचारतात. मी सांगतो, आधी दोन वजनकाटे आणा. एक पाच किलोचा, ग्रॅम दाखवणारा, रेझिन मोजायला. दुसरा टांगायचा, दोनशे किलोचा, तयार होडी तोलायला. विजेवरच्या होडीत एक किलो वाढला की तो ओढायला जास्त वीज लागते, विजेसाठी मोठी बॅटरी लागते आणि त्या बॅटरीचं वजन पुन्हा होडीवरच चढतं. हेच चक्र उलटंही फिरवता येतं. सांगाड्यात वाचवलेला प्रत्येक किलो थोडी बॅटरी, थोडं तांबं आणि थोडं शीड वाचवतो. होडी पर्यावरणाला सोसणारी करायची असेल तर माझ्या मते सुरुवात इथूनच होते. कापड अळशीचं की काचेचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

इथे दिलेली कृती सहा मीटर लांबीच्या, चौघांना नेणाऱ्या आणि सुटे भाग करून टेम्पोत घालता येणाऱ्या कॅटामरानची आहे. नकाशे मात्र जाणत्या रचनाकाराकडूनच करून घ्या. शिवाय पाण्यात उतरवण्याआधी नोंदणी आणि तपासणीसाठी महाराष्ट्रात मेरिटाइम बोर्डाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जावं लागतं. ती चौकशी नकाशा हातात असतानाच करा.

वजनाची वही

पहिलं काम कागदावरचं. दोन सडपातळ होड्या, प्रत्येकीची पाण्यावरची लांबी ६ मीटर, पाण्याच्या रेषेवर रुंदी ५० सेंटिमीटर, पाण्याखाली खोली २२ सेंटिमीटर. अशी एक होडी सुमारे ३५० किलो खारं पाणी बाजूला सारते, म्हणजे दोन्ही मिळून ७०० किलो. एवढंच आपलं भांडवल. त्यातले ३०० किलो चार माणसांचे. उरलेल्या ४०० चा हिशेब असा मांडा: दोन्ही होड्या १५०, आडदांडे आणि मधली जाळी ६०, डोलकाठी-शीड-दोर ५०, बॅटरी ४५, मोटर २०, सोलर पॅनेल २०, नांगर आणि जीवरक्षक सामान ४०. बेरीज ३८५. पिण्याच्या पाण्याला १५ किलो राहतात, बस्स. यापुढे साधारण ४३ किलो चढले की होडी एक सेंटिमीटर खाली बसते. वहीत एक रकाना अंदाजाचा, एक प्रत्यक्षाचा ठेवा आणि जो भाग तयार होईल तो त्याच दिवशी तोलून लिहा.

लांबी-रुंदीचं एकास बारा हे प्रमाण मुद्दाम धरलंय. रुंद होडी स्वतःच्याच लाटेत अडकते, सडपातळ होडी ती लाट कापून पुढे जाते. अशी एक सडपातळ होडी एकटी उभी राहणार नाही, म्हणून दुसरी जोडायची. आपल्या मालवणी होडीची उलांडी हेच काम करते. कॅटामरान हे नावसुद्धा तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलं. त्याचा अर्थ बांधलेली लाकडं. तो ओंडक्यांचा तराफा होता आणि दोन होड्यांची जोडी प्रशांत महासागरातल्या बेटांवरची, पण ‘बांधलेली’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

माल

सांगाडा सँडविचचा: मध्ये १५ मिलिमीटर जाडीचा पीईटी फोम, घनमीटरला ८० किलो वजनाचा, आणि दोन्ही बाजूंना चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं काचेचं कापड. असा फोम पुनर्वापरातल्या पीईटीपासूनही बनतो. फ्रान्समधली विंडेलो कंपनी असाच फोम आणि बेसाल्टचे धागे वापरून मोठ्या कॅटामरान बांधते. चौरस मीटरचा हिशेब असा: फोम १२०० ग्रॅम, कापड १२००, कापडातलं इपॉक्सी रेझिन ६५०, फोमच्या छिद्रांनी प्यायलेलं रेझिन ७००. एकूण पावणेचार किलो. बारा मिलिमीटर मरीन प्लाय एवढ्याच जागेला सात किलोच्या वर जातो. आणि फोमची जाडी दुप्पट केली की ताठपणा जवळजवळ चौपट होतो, वजन मात्र किलो-दीड किलोनंच वाढतं. सगळी जादू इथेच आहे.

ही पद्धत कच्ची नाही. डेरेक केल्सॉल यांनी १९६६ ची राउंड ब्रिटन शर्यत ‘टोरिया’ या फोम-सँडविचच्या ट्रायमरानवर जिंकली होती. मेजावर सपाट पाट्या ओतून त्यातून होडी उभी करायची पद्धतही त्यांनीच रुळवली. आपल्याकडे गोव्यात दिवाडीला बांधलेली आयएनएसव्ही म्हादेई आतून सीडर लाकडाच्या पट्ट्यांची आणि वरून काच-इपॉक्सीची आहे. दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरूनच एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केल्या.

अळशीचं कापड मी डेकला आणि आतल्या आडभिंतींना वापरतो, पाण्याखाली वापरत नाही. धागा हलका, घनता काचेच्या निम्म्याहून थोडी जास्त, थरथर छान जिरवणारा. पण तो पाणी पितो. एखादी कड उघडी राहिली की ओल आत शिरते आणि धागा फुगतो. कोकणातल्या हवेत शंभर ग्रॅम कापडात सात-आठ ग्रॅम पाणी सहज असतं. म्हणून थर लावण्याआधी ते ८० अंशांच्या पेटीत दोन-तीन तास वाळवा, तोला, पुन्हा वाळवा, पुन्हा तोला. आकडा हलायचा थांबला की लगेच वापरा. रेझिनच्या डब्यावर ‘बायो’ लिहिलं म्हणून सगळं रेझिन झाडातून आलेलं नसतं, वनस्पतीचा वाटा किती ते माहितीपत्रकात बघा. आणि ते कुठलंही असो, वाया घालवू नका. सांडलेलं बायो-रेझिनसुद्धा कचराच.

पाटी ओतायचा दिवस

पावसाळ्यात हे काम करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात करायचंच झालं तर मंद हार्डनर घ्या आणि पहाटे सुरू करा. तापमान दहा अंशांनी चढलं की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो.

साडेसहा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, वर सनमायका लावलेलं सपाट मेज हवं. त्याला रिलीज वॅक्सचे पाच हात द्या, प्रत्येक हात वाळवून पुसून. त्यावर क्रमानं काचेचं कापड, खाचा आणि भोकं पाडलेला फोम, पुन्हा कापड, मग पीलप्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, त्यावर रेझिन पसरवणारी जाळी. ही जाळी पलीकडच्या कडेच्या पाच-सात सेंटिमीटर अलीकडेच थांबवा, म्हणजे रेझिन कडेला घाई न करता कापड भिजवत पोचतं. एका लांब कडेला रेझिन आणणारी स्पायरल नळी, समोरच्या कडेला हवा ओढणारी. मग सगळ्या बाजूंनी सीलंट टेप आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी, मापापेक्षा मोठी, ठिकठिकाणी चुण्या घालून. ताणलेली पिशवी कोपऱ्यात अंतर सोडते आणि तिथे रेझिनचा पाट वाहतो. पंप आणि पिशवीच्या मध्ये रेझिन अडवणारं भांडं विसरू नका, नाहीतर पंप जाईल.

पंप लावला की दर चौरस मीटरवर जवळजवळ दहा टन हवा बसते. पिशवी कापडावर अशी चिकटते की विणीचा एकेक धागा वर उठून दिसतो. आता नळी चिमट्यानं बंद करा, पंप थांबवा आणि गेजकडे बघत बसा. पूर्ण अर्धा तास. काटा हलला तर गळती आहे. खोलीत शांतता करा, कान टेपजवळ न्या, शिट्टीसारखा बारीक आवाज ऐकू येतो. माझ्या पहिल्या पाटीच्या वेळी काटा अर्ध्या तासात जरासा सरकला होता. मी मनाशी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. रेझिन सोडलं, ते सुरेख सरकत गेलं, आणि एका कोपऱ्यात चुणीखालून आलेल्या हवेनं तळहाताएवढा पांढरा, कोरडा डाग तसाच राहिला. कापड, फोम आणि दोन दिवसांची मेहनत तेवढ्या भागापुरती कापून काढावी लागली. तेव्हापासून काटा स्थिर झाल्याशिवाय मी रेझिनचं झाकण उघडत नाही.

एका बाजूच्या पाटीला, म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटरला, नळ्या आणि जाळी धरून नऊ-दहा किलो रेझिन तयार ठेवा, पण एकदम कालवू नका. कालवलेलं रेझिन बादलीत साठून राहिलं की स्वतःच्या उष्णतेनं तापतं, धूर सोडतं. दोन-दोन किलोचे घाणे करा, काट्यावर मोजून, कंपनीनं दिलेल्या प्रमाणात. हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर घट्ट होत नाही, कच्चं राहतं. रेझिन आणणाऱ्या नळीचा चिमटा काढला की रेझिनची गडद कड फोमच्या खाचांतून बोटं पसरत पुढे सरकते. पेन्सिलीनं पिशवीवर दर पाच मिनिटांनी तिची जागा आणि वेळ लिहा. दुसऱ्या पाटीला हीच नोंद कामाला येते. पलीकडच्या कडेला पोचलं की आणणारी नळी बंद करा आणि रेझिन घट्ट होईपर्यंत पंप चालू ठेवा.

हातमोजे नायट्राइलचे घाला. इपॉक्सीची एकदा ॲलर्जी झाली की ती जन्माची असते. हाताला लागलं तर थिनरनं धुऊ नका, साबणानं धुवा. घासकामाला धूळ अडवणारा चांगला मास्क हवाच.

पाट्या सुटल्या की काळ्या प्लास्टिकच्या तंबूत सपाट ठेवून तासाला दहा अंशांपेक्षा जास्त न चढवता ५०-६० अंशांवर आठ तास शेकवा. हे टाळलं तर उन्हात डेक मऊ पडतो.

होडी उभी करायची

दोन बाजू, एक तळ, तीन आडभिंती, वर डेक. लाकडी चौकटींत पाट्या उभ्या करून पुढच्या टोकाला, नाळेपाशी, दोन्ही बाजू एकत्र आणा. आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीचं मिश्रण भरायचं: कापसाची भुकटी आणि थोडी सिलिका घालून चक्क्याइतकं घट्ट, चमचा आडवा केला तरी न ओघळणारं. वीस मिलिमीटर त्रिज्येची गोलाई चमच्याच्या पाठीनं ओढा. ते चिकट असतानाच वर तिरप्या धाग्यांची दहा सेंटिमीटरची पट्टी आणि तिच्यावर पंधराची. बाहेरूनही तसंच.

बोल्ट जिथे जाणार तिथे फोम नको. आधी फोम खरवडून काढा, घट्ट इपॉक्सी भरा, वाळू द्या, मगच भोक पाडा. फोमच्या होड्या मोडतात त्या बहुतेक अशाच एखाद्या भोकातून वर्षानुवर्षं आत गेलेल्या पाण्यानं.

आडदांडे ॲल्युमिनियमचे, १०० मिलिमीटर व्यासाचे, आणि ते होड्यांना बोल्टनं न जखडता दोरानं बांधायचे. लाटेत दोन्ही होड्या वेगवेगळ्या हलतात. ताठ सांधा तो सगळा जोर एका बिंदूवर घेतो, दोर तो वाटून घेतो. जेम्स वॅरम यांनी पॉलिनेशियन होड्या अभ्यासून हीच रीत आपल्या कॅटामरानना लावली आणि तशा होड्यांनी महासागर ओलांडले.

तळाला उथळ, पक्क्या पठाणपट्ट्या लावा. ओहोटीला होडी खाडीच्या वाळूवर सरळ टेकते आणि वाऱ्यावर जाताना कडेला घसरत नाही.

वीज आणि शीड

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ४८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तास, म्हणजे पाच युनिटच्या आसपास. दोन किलोवॉटची मोटर १२ व्होल्टवर १६७ ॲम्पिअर ओढते, ४८ वर ४२. वायर बारीक, वजन कमी, नासाडी कमी. बॅटरी मधल्या आडभिंतीजवळ, पट्ट्यांनी बांधून, आणि फ्यूज तिच्यापासून हातभर अंतराच्या आत. वायर कलई केलेल्या तांब्याचीच. मोटर मागच्या आडदांड्यावर, वर उचलता येईल अशी. शिडावर असताना पंखा पाण्यात फिरवून वीज मिळवायची कल्पना छान वाटते, पण एवढ्या लहान होडीला वेगातला तोटा जास्त आणि मिळणारी वीज नगण्य. मोटर उचलून घ्या. ४०० वॉटचे पॅनेल शिडाची सावली धरूनही चांगल्या दिवशी युनिटभर देतात.

हिशेबानं शांत पाण्यात चार नॉटला साधारण ५०० वॉट लागतात. पाच नॉटला दुप्पट. म्हणून बंदर गाठायची घाई नसेल तर चारवरच चालवा. बॅटरीच्या ८० टक्क्यांत आठ तास मिळतात.

शीड १६ चौरस मीटरचं. इथे हलकेपणाची दुसरी बाजू येते. कॅटामरानला उलटण्यापासून तिचं वजन आणि रुंदीच वाचवते. भरलेली ७०० किलोची होडी जो वारा सहज झेलते, तोच वारा एकट्या माणसाला घेऊन निघालेल्या पावणेपाचशे किलोच्या होडीला उलटवू शकतो. आणि ती आधी कलून सूचना देत नाही. म्हणून वारा मोजायचं यंत्र सोबत ठेवा आणि चौघे असताना १५ नॉटला, एकटे असाल तर १२ लाच शीड आखडा. दामण, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, हातात धरा, कधीही गाठ मारून ठेवू नका.

पहिली फेरी

दोन्ही होड्या टांगून तोला. फरक दोन किलोच्या वर असेल तर बॅटरी हलक्या बाजूला सरकवा. पाण्यात सोडल्यावर रंगानं काढलेली रेषा चारही टोकांना पाण्याशी जुळते का ते पाहा. मग शांत खाडीत, मतलई वारा पडल्यावर, तीन, चार आणि पाच नॉटला मीटरवरचे वॉट वहीत लिहा. महिन्याभरानं त्याच वेगाला आकडा वाढलेला दिसला तर तळाला शेवाळ धरलंय असं समजा.

परत आलात की गोड्या पाण्यानं धुवा आणि आडदांड्यांचे दोर पुन्हा आवळा. नवा दोर पहिल्या फेरीत ताणतोच, आणि दुसऱ्या फेरीआधी तो पुन्हा एकदा तपासावा लागतो.