दुरुस्तीस दिलेले वाहन : हक्क आणि दक्षता

गॅरेजमध्ये दुरुस्तीसाठी सोपविलेले वाहन भारतीय करार कायदा, १८७२ नुसार 'निक्षेप' ठरते. सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी गॅरेजचालकाने घेतलीच पाहिजे, असे कलम १५१ सांगते. मात्र केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वाहन अडवून ठेवण्याचा हक्कही कलम १७० त्यास देते. म्हणून बिलाबाबत वाद झाल्यास लेखी हरकत नोंदवून रक्कम भरावी, पावती घ्यावी व वाहन सोडवून मग दाद मागावी.

वाहन देतानाच जॉबकार्डावर किलोमीटर, कामांची यादी व अंदाजित खर्च लिहून घ्यावा. बदललेले जुने भाग परत मागावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वादाच्या वेळी तोंडी आश्वासन नव्हे, हातातील कागदच कामी येतो.