नवी सायकल कशी पारखावी?

सायकलला पेट्रोल लागत नाही आणि तिचा धूरही होत नाही. जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय मारत पुढे जावे लागे. १८८८ साली जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. भरीव टायरने फार हादरे बसत, ते कमी झाले.

आमची ताई आठवीत आहे. तिची शाळा घरापासून ३ किलोमीटर. चालत पाऊण तास लागतो. पावसाळ्यात घरी येईपर्यंत अंधार पडतो. आजी म्हणाली, "पोरीची शाळा आता पुरे." तेव्हा आईने बचत गटातून कर्ज काढले आणि सायकल घ्यायचे ठरले. हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, म्हणून सायकल चांगलीच पाहिजे. बाबा, ताई आणि मी खोपोलीला गेलो. बाबांनी सायकल कशी बघायची ते दाखवले. ते असे :

१) उंची : सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. "पुढे वाढेल" म्हणून फार मोठी सायकल घेऊ नये.

२) चाक : चाक उचलून फिरवावे. ते डावीकडे-उजवीकडे डुलले तर चाक आउट आहे असे समजावे. ताईला आवडलेल्या सायकलचे मागचे चाक ब्रेकच्या रबराला घासत होते. दुकानदारांनी चावीने तारा आवळून ते सरळ केले.

३) तारा : प्रत्येक तारेवर बोटाने टिचकी मारावी. सैल तार बद्द वाजते.

४) हँडल : पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवावे. चाक न हलता नुसते हँडल फिरले तर नट सैल आहे.

५) ब्रेक : ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये.

मग चालवून बघावी. ताईने दुकानामागच्या मोकळ्या जागेत चार फेऱ्या मारल्या. आधी हळू, मग जोरात. चेनचा खडखड आवाज येतो का, सायकल एका बाजूला ओढते का, ते बघितले. थांबताना दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत. वेगात नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक उचलते आणि आपण पुढे पडतो. ताईचे लक्ष सारखे रंगाकडे जात होते. बाबा म्हणाले, "रंगाने सायकल थांबत नाही, ब्रेकने थांबते."

घरी आल्यावर मी गणित केले. पुढच्या चक्राला ३६ दाते आहेत आणि मागच्याला १८. म्हणजे पायडल एकदा फिरले की चाक दोनदा फिरते. दोऱ्याने चाकाचा घेर मोजला, तो १ मीटर ९० सेंटिमीटर भरला. म्हणून एका पायडलात सायकल ३ मीटर ८० सेंटिमीटर जाते. ताईच्या शाळेपर्यंत सुमारे ७९० पायडल होतात. वेळ लागतो पंधरा मिनिटे. जाऊन-येऊन रोज एक तास वाचतो. तो तास अभ्यासाला मिळतो आणि उजेड असतानाच ताई घरी येते. आता आजी काही बोलत नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्या खालापूर तालुक्यातून बोरघाट चढून होत आली आहे. घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यतीच्या सायकलला पुष्कळ गिअर असतात. मागे मोठे चक्र घेतले की चढावर पायाला जोर कमी लागतो. ताईच्या सायकलला गिअर नाहीत, म्हणून मोठ्या चढाला ती उतरून चालते. त्यात लाज नाही.

लक्षात ठेवा : पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून दाबावा. भिजलेली चेन पुसून तेल घालावे. द्रुतगती मार्गावर सायकल नेण्यास बंदी आहे, तिकडे कधीही जाऊ नये.

पालकांनी दुकानात घाई करू नये. चालवून बघितल्यावरच पैसे द्यावेत. कुणाची सायकल तपासायची असेल तर मधल्या सुट्टीत आणा, आपण मिळून तपासू.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, कुंभिवली