युरिक आम्ल आणि करोना : रिपोर्टातला आकडा कसा वाचावा?



या पानावर आम्ही नेहमी माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा असे विषय घेतो. या वेळचा विषय निराळा आहे. २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत खतासाठी गट कार्यालयात येणारे सभासद खिशातून रक्ताचे रिपोर्ट काढून दाखवीत. एकाने विचारले, "साहेब, माझं युरिक कमी आलंय, म्हणजे बरंच की!" दुसऱ्याने तर युरिक वाढले की करोना जोर धरतो असे ऐकून भावाच्या गाऊटच्या गोळ्या स्वतःच सुरू केल्या होत्या. आम्ही डॉक्टर नव्हे. दोघांनाही दवाखान्यात पाठविले. मागाहून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

युरिक आम्ल म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. युरिक आम्ल आणि पोत्यातला युरिया ही दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. उसाला युरिया टाकल्याने रक्तातले युरिक वाढत नाही. कोंबडी खतातला पांढरा भाग मात्र मुख्यतः युरिक आम्लाचाच असतो. आपल्या शरीरात पेशींची झीज होते, त्यातील व अन्नातील प्यूरिन नावाच्या द्रव्यापासून हे आम्ल तयार होते. बरेचसे लघवीवाटे व बाकीचे आतड्यावाटे बाहेर पडते. पुरुषांत साधारण ३.५ ते ७ मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तात) हे प्रमाण सर्वसाधारण समजतात. स्त्रियांत थोडे कमी असते.

आकडा का घसरतो?

मूत्रपिंड युरिक आम्ल आधी गाळते व त्यातील बहुतेक भाग बारीक नलिकांतून परत रक्तात घेते. करोनाच्या आजारात काही रुग्णांच्या या नलिका बिघडतात. मग पाटपाण्याबरोबर नत्र वाहून जावे तसे युरिक लघवीतून वाहून जाते. २०२० साली बेल्जियममधील डॉक्टरांनी इस्पितळातील ४९ रुग्ण तपासले, त्यांतील जवळजवळ निम्म्यांत हा दोष आढळला. आणि ज्यांचे युरिक असे घसरले, त्यांना श्वासयंत्र लागण्याचा धोका जास्त दिसला. तेव्हा त्या पहिल्या सभासदाचे "बरंच की" हे खरे नव्हते.

आकडा का चढतो?

मूत्रपिंडाचे काम मंदावले की युरिक साठते. मधुमेह, रक्तदाब व लठ्ठपणा यांच्या जोडीलाही ते वाढलेले असते, आणि अशा माणसांना करोना मुळातच जड जातो. चीनमधील वुहानच्या रुग्णांच्या अभ्यासात युरिक फार कमी आणि फार जास्त, अशा दोन्ही टोकांना आजार बिघडण्याचे प्रमाण अधिक दिसले. जमिनीचा सामू फार उतरला तरी वाईट, फार चढला तरी वाईट, तसेच हे.

आकडा ही खूण, रोग नव्हे

उसाचे पान पिवळे पडले तर कारण नत्राची कमतरता असेल, लोहाची असेल किंवा पाणी साचले असेल. मूळ न पाहता खत टाकले तर पैसे जातात आणि ऊसही जातो. येथेही तेच. युरिकच्या आकड्यामुळे आजार बळावतो असे सिद्ध झालेले नाही. आतील बिघाडाची ती खूण असू शकते. गाऊटवरचे कोल्चिसिन हे औषध इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत इस्पितळातील करोना रुग्णांवर वापरून पाहिले. २०२१ साली निष्कर्ष निघाला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. युरिक उतरविणाऱ्या ॲलोप्युरिनॉलने काहींच्या अंगावर जिवावर बेतणारे पुरळ उठते. भावाची गोळी आपली नव्हे!

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. गाऊटच्या चालू गोळ्या ताप आला म्हणून स्वतः बंद करू नयेत, नव्याने सुरूही करू नयेत. डॉक्टरांना विचारावे.

२. तापात वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. कित्येक गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो.

३. दम लागणे, लघवी कमी होणे, भान हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास युरिकच्या रिपोर्टाची वाट न पाहता ताबडतोब इस्पितळ गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. माती परीक्षणाचा कागद घेऊन आमच्याकडे अवश्य या. रक्ताचा कागद मात्र डॉक्टरांनाच दाखवा, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी