वय अधिक शंभर?

प्रश्न : माझी आजी 86 वर्षांची आहे. तिचा बीपीचा वरचा आकडा नेहमी 170च्या आसपास येतो. शेजारी म्हणतात, वयात शंभर मिळवा, तेवढं प्रेशर म्हातारपणी असायचंच. हे खरं का? आणि या वयात गोळ्या सुरू करून काय मिळणार?
– एक वाचक, मोरा

उत्तर : हा हिशेब एकेकाळी डॉक्टरही मानत. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होतात, वरचा आकडा चढतो, खालचा बहुधा उतरतो. पण जे बहुतेकांना होतं ते निरुपद्रवी असतं असं नाही.

ऐंशी ओलांडलेल्या आणि वरचा आकडा 160च्या पुढे असलेल्या 3,845 जणांवर ‘हायव्हेट’ नावाची चाचणी झाली. 2008 साली तिचे निष्कर्ष छापून आले. इंडापामाइडची साधी गोळी, लागलीच तर जोडीला पेरिंडोप्रिल. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले, हृदय निकामी होण्याचं प्रमाण तर 64 टक्क्यांनी घटलं. बहुतेकांवर देखरेख दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर हा फरक दिसला. म्हणून ‘आता काय मिळणार’ हे मला पटत नाही.

पण त्या चाचणीतले लोक बऱ्यापैकी हिंडते-फिरते होते आणि आकडा 150च्या खाली आणायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. आजी फार थकलेल्या असतील तर डॉक्टर आणखी सबुरीने घेतील. मला जास्त काळजी वाटते ती पडण्याची. बसून मोजल्यावर त्यांना उभं करा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर ते डॉक्टरांना सांगाच. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलेल्या आजी धक्का आल्यावर एकदम उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

ताटातलं मीठ बघा. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील निराळे, मिठात मुरवलेली खारी मासळी निराळी. दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर, पुरे. पण तोंडाची चव जाऊन जेवणच कमी होईल इतकं अळणी करू नका.

गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, अंगातलं मीठ-पाणी झपाट्याने उतरतं. आणि दवाखान्यात जाताना आजींच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीचीसुद्धा. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी प्रेशर चढतं आणि ती गोळी कागदावर बहुधा लिहिलेलीच नसते.