प्रारण आणि किरणोत्सर्ग

बेज्जूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, बाबांना मशीनवर किरणोत्सर्ग देतात. त्यांच्याजवळ बसलं तर चालेल?’’ तिची भीती शब्दातून आली होती. मराठी विश्वकोशात ‘रेडिएशन’ला प्रारण आणि ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’ला किरणोत्सर्ग म्हटले आहे, वृत्तपत्रांत मात्र दोन्हींसाठी किरणोत्सर्ग हाच शब्द सर्रास येतो. यंत्राने बाहेरून दिलेले प्रारण कर्कपेशीतील डीएनएचे धागे तोडते. रुग्ण स्वतः किरणे सोडणारा, म्हणजे किरणोत्सर्गी, होत नाही. पेशींत सोन्याचे अब्जांश कण सोडले, तर क्ष-किरणांमुळे त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि डीएनएवरचा आघात वाढतो, असे प्रयोगशाळांत आढळले आहे. तेथेही सोने किरणोत्सर्गी होत नाही. मी तिला म्हटले, ‘‘खुशाल बस.’’ वर्गात हे दोन शब्द आपण वेगळेच ठेवले पाहिजेत.